नाकापेक्षा मोती जड

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा इतिहासावर काहीतरी लिहा, असे कार्यवाहबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा प्रतापगड किंवा उमरठ असावे. पोलादपुरात राहणाऱ्या बाईने इतिहास म्हटला की मान वर करून गडाकडे पाहावे, हे स्वाभाविकच आहे. पण गडाचा इतिहास आपणां सर्वांना पाठ आहे आणि माझ्याहून अधिकारी माणसांनी तो लिहिलाही आहे. मी आज निराळाच इतिहास सांगणार आहे. तो आहे माणसाच्या चेहऱ्याचा, आणि त्या चेहऱ्यावर चाललेल्या शस्त्राचा, सुईचा व मलमाचा. विषय ऐकून काही भगिनी हसतील. परंतु अलीकडे आपल्या तालुक्यातल्या लग्नसराईत जे डोळ्यांना दिसते, ते पाहता हा इतिहास एकदा सांगून ठेवावा असे मला फार वाटते.

आपल्या भाषेत नाक म्हणजे अब्रू. नाक कापले जाते, नाक खाली होते, नाक वर करून चालता येते. जुन्या काळी ही नुसती बोलण्याची रीत नव्हती. युद्धात पकडलेल्या माणसाचे, क्वचित घरातल्या संशयित स्त्रीचेही, खरोखरीच नाक कापत. जिवे न मारता माणसाला जन्मभर लोकांतून उठवण्याची ती शिक्षा होती. त्यामुळे कापलेले नाक पुन्हा लावण्याची विद्याही आपल्याच देशात फार आधी निर्माण झाली. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक घडवण्याची रीत सांगितली आहे. झाडाचे पान नाकाच्या मापाने कापून घ्यावे आणि त्या मापाने कातडी घ्यावी, इतक्या बारकाव्याने ती लिहिली आहे.

या विद्येची जगात सर्वांत गाजलेली हकीकत आपल्यापासून फार लांबची नाही. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरवरून उतरले की आपण ज्या पुण्याला जातो, त्या पुण्याजवळ ती घडली. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकीत होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडण्यात आले. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस वैद्य नव्हता. तो विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता, म्हणून आपल्याकडचे लोक त्याला कुंभार म्हणतात. मुंबई इलाख्यातले टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन इंग्रज वैद्य ही शस्त्रक्रिया पाहत उभे होते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिची हकीकत पत्ररूपाने छापून आली. सोबत कावसजीचे चित्रही होते. ते काढणारा जेम्स वेल्स हा पेशव्यांच्या दरबारी चित्रे काढणारा चित्रकार होता.

पत्रात सारी कृती पायरीपायरीने दिली आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून त्याला नाकाचा आकार दिला. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ मारली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मध्ये तिची एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवली, कारण त्या पट्टीतूनच नव्या नाकाला रक्त पोचणार होते. जुन्या जखमेची कड तासून तिथे चीर पाडली आणि कातडीला अर्धा वेढा देऊन ती खाली वळवून त्या चिरेत बसवली. वर काय लावले म्हणाल? आपण विड्यात घालतो तो कात! पाण्यात कालवलेला कात लावून कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवल्या. चार दिवस त्यांना हात लावला नाही. मग तुपात भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापड आत घातले, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडलेली पट्टी कापली. भूल देण्याचे औषध त्या काळी नव्हते. कावसजीने हे सारे शुद्धीत सोसले आणि नाक घेऊन तो घरी गेला. नाक करणाऱ्याचे नाव मात्र त्या पत्रात नाही.

मैत्रिणींनो, या हकीकतीतल्या तीन गोष्टी मनात धरून ठेवा, कारण पुढे त्या लागणार आहेत. माणसाचे खरोखरीच काही गेले होते. ज्याने हत्यार हातात धरले त्याला कातडीखालचे रक्त कुठून वाहते हे ठाऊक होते. आणि कोणालाही घाई नव्हती. नाकाने मूळ धरेपर्यंत पंचवीस दिवस थांबण्याची दोघांचीही तयारी होती.

ते पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने या रीतीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि ऑक्टोबर १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ती वापरली. त्या अधिकाऱ्याचे नाक कोणी कापले नव्हते. त्याला यकृताच्या विकारावर पाऱ्याची औषधे दिली होती आणि त्या पाऱ्याने त्याचे नाक झडले होते. युरोपातली ही शस्त्रक्रिया अशी औषधाने केलेल्या घातावरच सुरू झाली. हा पारा आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

शंभर वर्षे गेली आणि धड चेहऱ्याच्या लोकांनाही या विद्येचा मोह पडला. १८९९ च्या सुमारास व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनी यांनी मेणासारखे पॅराफिन सुईने कातडीखाली भरण्याची युक्ती काढली. सुरी नको, टाके नकोत, क्षणात खळगा भरतो, म्हणून ती भराभर पसरली. त्या काळी युरोपात ग्लॅडिस डीकन नावाची अमेरिकन तरुणी रूपासाठी नावाजलेली होती. तिचे नाक कोणाच्याही डोळ्यांत भरेल असे सुरेख होते. पण ग्रीक पुतळ्यासारखी कपाळापासून नाकापर्यंत सरळ रेघ हवी, म्हणून तिने १९०३ च्या सुमारास नाकाच्या दांडीत ते मेण भरून घेतले. मेण जागेवर राहिले नाही. ते खाली ओघळले, हनुवटीपर्यंत गाठी झाल्या आणि चेहरा कायमचा बिघडला. पुढे १९२१ साली ती मार्लबरोची डचेस झाली, मोठ्या वाड्यात राहिली. पण गेलेले रूप धनाने आले नाही. ती १९७७ साली, नव्वदी ओलांडून वारली. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांच्या वयातला एक हट्ट तिने सत्तर वर्षांहून अधिक काळ आरशात पाहिला!

यावरून मी शस्त्रक्रियेच्या विरुद्ध आहे असा कोणी समज करून घेऊ नये. आपल्या राज्यात या विद्येने मोठे पुण्यकर्म केले आहे. १९५८ साली नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरोग्यांची बसलेली नाके आणि वाकडी झालेली बोटे सरळ करून दिली. रोग बरा होऊनही नाक बसलेले असले की माणसाला गावात कोणी घेत नसे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे हेच डॉ. अंतिया आपल्या जिल्ह्यात, अलिबागजवळच्या मांडव्याला आले आणि गावातल्या साध्या, थोड्या शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचे काम शिकवले. ओठ दुभंगलेले मूल जन्माला आले, चुलीच्या भडक्याने कोणाचा गळा आणि गाल आखडला, तर शस्त्रक्रिया अवश्य करून घ्यावी, आणि त्यात लाजू नये. तिथे कावसजीचेच कारण आहे.

आता घरच्या गोष्टीकडे वळते. आपल्या आज्या-पणज्यांनीही चेहऱ्यावर सोसले होते. लहानपणीच नाक टोचले, कपाळावर व हनुवटीवर गोंदण गोंदले. सोने चोर नेतो, गोंदण कोणी नेत नाही, असे त्या अभिमानाने म्हणत. शिकून मुंबईला गेलेल्या काही मुलींना पुढे तेच गोंदण लपवावेसे वाटू लागले, हेही मी पाहिले आहे. देवीच्या रोगाने तोंडभर वण पडलेल्या बायकाही त्या पिढीत होत्या. १९७५ सालानंतर तो रोग देशातून गेला. त्या वणांसकट त्यांची लग्ने झाली, संसार झाले आणि घरात त्यांचा शब्दही चालला. १९७५ सालीच गोरे करण्याचे एक प्रसिद्ध क्रीम आपल्या बाजारात आले. त्याच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द २०२० साली काढण्यात आला. पण मधल्या पंचेचाळीस वर्षांत सावळेपणा हा जणू एक आजार आहे आणि त्यावर नळीतून औषध मिळते, ही समजूत घरोघर रुजली ती रुजलीच.

तिचे फळ मी अगदी जवळून पाहिले आहे. माझ्या नात्यातल्या एका मुलीचे लग्न ठरत होते. पाहायला आलेल्या मंडळींपैकी कोणीतरी रंगावरून शब्द टाकला. मुंबईहून आलेल्या ओळखीच्या बाईने एक ट्यूब दिली. महिनाभरात तोंड असे उजळले की सगळ्यांनी तिला नावाजले. मग गाल लाल राहू लागले, उन्हात गेले की आग होऊ लागली, ओठावर लव दिसू लागली. घाबरून तिने ट्यूब बंद केली, तर आठ दिवसांत तोंडभर पू धरलेल्या पुळ्या उठल्या. पुन्हा लावली की त्या बसत. शेवटी महाडला आणि तिथून मुंबईला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्यावे लागले. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. ते कातडी पातळ करते, खालच्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या पाडते, आणि सोडू म्हटले तर सोडू देत नाही. बरे व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला. त्या काळात ती मला म्हणाली, “काकी, गोरी नको, आधी होते तेच तोंड परत मिळाले तरी पुरे.” हे वाक्य मी विसरू शकत नाही.

ही एका घरची गोष्ट नव्हे. त्वचारोगतज्ज्ञांनी देशातल्या अनेक रुग्णालयांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी करून २०११ साली ती प्रसिद्ध केली. त्यांतले ४३३ जण तोंडाला स्टिरॉइड लावीत होते. २०१८ साली सरकारने अशी चौदा औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पण मैत्रिणीच्या पिशवीतून येणाऱ्या ट्यूबला चिठ्ठी कोण विचारतो?

आणि आता तो पारा. कातडीचा काळसरपणा ज्या द्रव्यामुळे येतो, ते तयार होण्याची क्रियाच पारा रोखतो, म्हणून रंग उजळतो. पण कातडीतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२२ साली अकोल्याची एक तरुणी, तिची आई आणि तिची बहीण अशा तिघींच्या मूत्रपिंडांचा विकार एकदमच उघडकीस आला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध घेतल्यावर धागा एका क्रीमपाशी पोचला. ते ब्यूटी पार्लरमधून आणलेले होते आणि त्यात पारा फार होता. एकीने आणले, तिघींनी लावले! आपल्याकडच्या २०२० च्या नियमांप्रमाणे अशा क्रीममध्ये दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त पारा राहता कामा नये. पण ज्या डबीवर करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांकच नाही, तिच्यात काय आहे हे नियमाला कळणार कसे?

राहिली सुई. ओठ आणि गाल भरदार करण्यासाठी जे ‘फिलर’ भरतात, ते पॅराफिनपेक्षा पुष्कळ सुधारलेले असते, हे खरे. तरी ते चुकून रक्तवाहिनीत गेले तर तिथली कातडी मरते. कावसजीच्या दोन डोळ्यांमधल्या ज्या पट्टीत रक्त वाहते ठेवले होते, तिथल्याच रक्तवाहिनीत हे द्रव्य जोराने शिरले, तर ते उलटे मागे जाऊन डोळ्याच्या रक्तवाहिनीत अडकते आणि त्या डोळ्याची दृष्टी जाऊ शकते. असे क्वचितच होते, पण झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या विटा पाडणाऱ्या माणसाने जी वाट जपली, तिची माहिती नसलेला हात चार दिवसांच्या वर्गाला बसून सुई धरीत असेल, तर त्याला पुढे गेलेली विद्या म्हणावे काय?

म्हणून माझी मंडळाच्या भगिनींना विनंती आहे. चेहऱ्यावर काही करून घेण्यापूर्वी, किंवा लेकीला करून देण्यापूर्वी, तीन प्रश्न विचारावेत. माझे खरोखर काय गेले आहे? करणारा शिकलेला डॉक्टर आहे काय, आणि बिघडले तर निस्तरणार कोण? लग्नाची तारीख जवळ आली म्हणून तर मी घाई करीत नाही ना? क्रीम आधीच सुरू असेल, तर घाबरून एकदम टाकू नये; डबी बरोबर घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. तीत पारा असल्याचा संशय असेल, तर मात्र ती लावणे त्याच दिवशी थांबवावे आणि घरातल्या मुलांनाही तिच्यापासून दूर ठेवावे.

आणि एक गोष्ट आपणां सासवांच्या, आत्यांच्या व मावश्यांच्या हातची आहे. मुलगी पाहायला गेलो की रंगाबद्दल एक अक्षर काढायचे नाही, एवढा नेम मंडळाच्या प्रत्येक सभासद भगिनीने या वर्षी करावा. नाकापेक्षा मोती जड झाला तर मोती उतरवून ठेवायचा असतो. त्यासाठी मुलीच्या नाकाला हात लावायचा नसतो.