पेव आणि माळवद : सोलापूर परिसरातील सामूहिक सज्जतेचा इतिहास

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो आणि त्याची भिस्त मुख्यतः रब्बीच्या ज्वारीवर राहिलेली आहे. अवर्षण ही येथील जुनी, ओळखीची आपत्ती होय. तिच्याशी सामना करण्याची सामग्री घराच्या व गल्लीच्या रचनेतच रुजलेली आढळते. मात्र जी सज्जता ज्या संकटाच्या स्मृतीतून घडली, ती त्या संकटापुरतीच उपयोगी पडते, आणि निराळ्या संकटात प्रसंगी घातकही ठरते.

या सामग्रीत पेवाचे स्थान मोठे आहे. कोरड्या, घट्ट जमिनीत तोंडाशी अरुंद व पोटाशी रुंद असा खड्डा घेऊन त्यास कडब्याचे व भुसकटाचे अस्तर देत, आणि ज्वारी भरून तोंड दगडमातीने लिंपून टाकीत. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द ‘पेंव’ असा सानुनासिक नोंदलेला आहे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आज बहुधा नकोशा विपुलतेस लावला जातो. ज्या वस्तूने उपासमार टाळली, तिचे नाव भाषेने असे उपरोधाने जपावे, हे नवलच. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून ते उघडल्यावर प्रथम वारा खेळू द्यावयाचा, कंदील सोडून पाहावयाचा आणि मगच दोर बांधून माणूस उतरवावयाचा. दोर धरण्यास वर माणसे लागतातच. पेव एकाच्या मालकीचे असले तरी ते उघडणे हे एकट्याचे काम नव्हे. पाण्यापुढे मात्र हीच रचना हतबल होते. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीच्या पेवांची २००५ च्या महापुरात मोठी हानी झाली.

साठा असणे आणि तो वेळेवर उघडला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याच भेदावर उभी आहे. बहामनी अमलातील या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांस खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन रक्कम भरली, अशी परंपरा आहे. चमत्कार बाजूस ठेवला तरी कथेने जपलेला तपशील बोलका आहे: धान्य गावात होते, ते वाटण्याचा अधिकार गावाकडे नव्हता.

माळवदाची गोष्ट याहून क्लेशकारक आहे. जाड दगडमातीच्या भिंती व त्यांवर मातीचे सपाट छत ही रचना उन्हास उत्तम उत्तर होती. गळती थांबविण्यासाठी छतावर मातीचा नवा थर चढविणे ही जाणत्या गृहस्थाची काळजी समजली जाई; पिढ्यानुपिढ्यांच्या या काळजीनेच छताचे वजन वाढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, सोलापूरच्या ईशान्येस सुमारे ७० किलोमीटरांवर किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी बहुसंख्य आपल्याच घराखाली गाडली गेली. १९९२ मध्ये तेथे धक्के जाणवले होते. भयाने लोक काही काळ बाहेरही झोपले होते. परंतु अधिकृत नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, आणि गावाच्या स्मृतीतही भूकंप नव्हता. बाहेरची मदत पोहोचेपर्यंत ढिगारे उपसले ते शेजाऱ्यांनीच. जखमींपैकी अनेकांना सोलापूरच्या रुग्णालयात आणण्यात आले.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तथापि ज्या गावांतील घरे उभी राहिली होती, तेथील काम अभ्यासकाला अधिक उद्बोधक वाटावे. ही घरे पाडण्याऐवजी छतावरील माती कमी करणे व भिंतीच्या दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड बसविणे, असा उपाय सुचविण्यात आला. पिढ्यांनी चढविलेली माती उतरवा, हे सांगणे सोपे नव्हते. त्यासाठी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने एक हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून स्थानिक स्त्रियांची नेमणूक झाली. अभियंत्याची परिभाषा घरच्या बोलीत आणणे आणि घरमालकाची शंका अभियंत्यापर्यंत पोहोचविणे, असे त्यांचे काम दुहेरी होते. एका अर्थी ते भाषांतरच. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा या स्त्रियांपैकी काही जणी तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगण्यासाठी गुजरातेत गेल्या.