मोजमाप पुस्तिका

मोजमाप पुस्तिका ही सार्वजनिक बांधकामावर प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापे नोंदवण्याची अधिकृत वही होय. व्यवहारात तिला ‘एमबी’ म्हणतात. काम किती व कोणत्या दराने व्हावे हे अंदाजपत्रकात असते, कोणता मजूर किती दिवस आला हे हजेरीपटावर असते. काम खरोखर किती झाले, हे मात्र या वहीवरूनच कळते.

पुस्तिकेची पाने क्रमांकित असतात. पान फाडता येत नाही; चुकलेला आकडा खोडून तेथे सही करावी लागते. पायाची खोली तो बुजवण्यापूर्वीच मोजावी लागते. मातीकामात खड्ड्यामध्ये मूळ जमिनीच्या उंचीचा एखादा मातीचा खांब न खोदता राखतात, त्यावरून खोली पडताळता येते.

समजा, अंदाजपत्रकात २०० घनमीटर खोदाईसाठी १०० मनुष्यदिवस धरले आहेत. हजेरीपटावर ६० दिवस भरले आणि पुस्तिकेत ८० घनमीटर उतरले, तर २० दिवस जादा लागले. जमीन अपेक्षेपेक्षा कठीण निघाली की हजेरीत खोटी नावे शिरली, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी कामावरच जावे लागते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या अवर्षणप्रवण जिल्ह्यात या वहीचा संबंध थेट मजुराच्या चुलीशी आला. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेत मजुरी कामाच्या मापावर ठरे. कठीण मुरूम मऊ माती म्हणून लिहिला गेला, तर दिवसभर राबूनही हाती कमी पैसे पडत. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००६ मध्ये प्रथम ज्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत हा जिल्हा होता. त्या कायद्याने मजुरी पंधरवड्याच्या आत देणे बंधनकारक केले. तथापि माप रखडले की मजुरीही रखडते, ही अडचण त्याने संपली नाही.

मोठ्या प्रकल्पांत केवळ मापांवरून खर्चवाढ उमगत नाही. अकोले तालुक्यातील प्रवरा नदीवरील निळवंडे धरणाचा १९७० मधील अंदाजित खर्च सुमारे ८ कोटी रुपये होता. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले तेव्हा तो सुमारे ५,१७७ कोटी सांगण्यात आला. भाववाढ, पुनर्वसन व कालव्यांची लांबलेली कामे पुस्तिकेच्या पानावर दिसत नाहीत. ती ‘सुप्रमा’ म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावांत शोधावी लागतात.