हिरवळीतलं तण

परवा वसाहतीच्या समितीचं पत्र आलं. 'आपल्या लॉनमध्ये क्लोव्हर आढळलं आहे, पंधरा दिवसांत बंदोबस्त करावा.' मिनेसोटातलं उपनगर, त्यामुळे घरापुढे लॉन हे ओघानं आलंच.

बाबांची आठवण झाली. यवतमाळकडचा शेतकरी माणूस. इथे आले होते तेव्हा मी लॉनवर खत टाकत होतो. बराच वेळ बघून म्हणाले, "हे गवत कोणत्या ढोराले घालतं रे?" मी निरुत्तर! मग त्यांनी क्लोव्हरचं एक रोप उपटून माती झटकली. मुळांना सोयाबीनसारख्याच बारीक गाठी. "हे तर सोताच खत बनवते. याले काहून मारतं?"

नंतर शोधलं तर कळलं, क्लोव्हर मुळात तण नव्हतंच. अमेरिकेत लॉनच्या बियाण्यात ते मुद्दाम मिसळत असत. गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, पानं-मुळं कुजली की तो शेजारच्या गवताला मिळतो. फुकट. पण १९४५ च्या सुमारास टू-फोर-डी बाजारात आलं (आपल्याकडे गव्हात फवारतात तेच). रुंद पानांचं ते मारतं, गवत सोडतं. डँडेलियनबरोबर क्लोव्हरही मेलं. मग काय, औषध चुकलं असं कोण म्हणणार? क्लोव्हरच तण ठरलं! आणि गेलेला नत्र पिशवीतून विकत आणणं आलं.

त्याच सुमारास, १९४७ पासून, लाँग आयलंडवर लेव्हिटाउन उभं राहिलं. हजारो एकसारखी घरं आणि गवत दर आठवड्याला कापण्याची अट. माझ्या पत्राचे पणजोबाच म्हणा ना.

उलटा प्रवास कोरड्या पश्चिमेकडून सुरू झाला. कमी पाण्याच्या बागेला 'झेरिस्केप' हे नाव १९८१ मध्ये डेन्व्हरच्या पाणीखात्यानं दिलं. नेवाडानं तर २०२१ मध्ये कायदाच केला, लास व्हेगसमध्ये नुसत्या शोभेच्या हिरवळीला (घरगुती लॉन वगळून) २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी नाही. आमच्याकडे पाणी मुबलक, दुखणं वेगळं. खतातला स्फुरद वाहत तळ्यांत जातो आणि तळी शेवाळानं हिरवी होतात. म्हणून २००५ पासून राज्यभर लॉनवर स्फुरदयुक्त खत टाकायला बंदी आहे. नवं लॉन किंवा मातीपरीक्षणात कमतरता दिसली तरच सूट. २०१९ मध्ये तर राज्यानं लॉनमध्ये मधमाश्यांसाठी क्लोव्हर वगैरे लावणाऱ्यांना पैसे द्यायची योजना काढली.

म्हणजे सरकार पैसे देतंय आणि समिती नोटीस!

असो. उत्तर लिहिलंय, सोबत योजनेचं माहितीपत्रक जोडलंय. पंधरांपैकी नऊ दिवस उरलेत.