पाडव्याचे वर्ष आणि सरकारी वर्ष : छोट्या व्यापाऱ्याची वही व प्राप्तिकर (१८६०-१९८९)

प्राप्तिकराचा इतिहास बहुधा दर, महसूल व अंदाजपत्रके यांच्या अंगाने लिहिला जातो. ज्या वहीवरून हा कर ठरत आला, तिचा विचार त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात छोट्या व्यापाऱ्याचे हिशेबी वर्ष आणि करकायदा यांच्या परस्परसंबंधाचा मागोवा घेतला आहे.

महाराष्ट्रात शालिवाहन शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असले, तरी व्यापाऱ्याचे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला सुरू होई. यामागे केवळ धार्मिक भावना होती असे मानणे अपुरे ठरेल. पावसाळ्यात दिलेली उधारी खरिपाचे पीक हाती आल्यावर वसूल होई. दिवाळीच्या विक्रीनंतर दुकानातील मालही कमी झालेला असे, त्यामुळे मोजदाद सोपी जाई. सळ पाडलेल्या कागदावर रोजकीर्द, तीवरून खतावणी, मग तेरीज आणि शेवटी ताळेबंद असा हा क्रम होता. कीर्दीतील शिल्लक व गल्ल्यातील रोकड यांचा मेळ बसल्याखेरीज दिवस संपत नसे.

ही वही भागीदार, सावकार आणि प्रसंगी न्यायालय यांच्यासाठी होती. १८७२ च्या पुरावा कायद्यानेही व्यवसायात नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंदी ग्राह्य मानल्या. मात्र केवळ नोंदीच्या आधारे कोणावर देणे लादता येणार नाही, अशी पुस्ती जोडली.

१८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी प्राप्तिकर आणला, तेव्हा या वहीला नवा वाचक मिळाला. वार्षिक २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर २ टक्के व त्यापुढे ४ टक्के असा दर होता. २०० रुपयांची मर्यादा पाहता साधा दुकानदारही त्यात येत होता. नफा उघड करणे म्हणजे बाजारातील आपली पत उघड्यावर मांडणे, ही त्याची अडचण कराच्या रकमेपेक्षा मोठी असावी असे वाटते. हा कर १८६५ मध्ये संपला. पुढे परवाना कर आला आणि १८७८ मध्ये मुंबई इलाख्यातील सुरत येथे त्याविरुद्ध दंगा उसळला. १८८६ च्या कायद्याने प्राप्तिकर कायमचा झाला.

सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होऊ लागले होते. तरीही १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याने व्यापाऱ्यावर ते लादले नाही. ज्या तारखेपर्यंत त्याचे हिशेब पूर्ण होत, तेथे संपणारे वर्ष निवडण्याची त्याला मुभा होती. उत्पन्नही त्याच्या नेहमीच्या हिशेबपद्धतीनुसारच मोजावयाचे होते. त्या पद्धतीतून ते नीट काढता येत नसेल, तरच अधिकाऱ्याने आपला आधार ठरवावयाचा. चांद्रवर्ष कधी ३५४ दिवसांचे, तर अधिक मासामुळे कधी ३८४ दिवसांचे. त्यामुळे बारा महिन्यांचे गणित नेहमी जुळत नसे. अशा प्रसंगी कालावधी ठरवून देण्याचा अधिकार महसूल मंडळाकडे ठेवला होता. परक्या राजवटीच्या कायद्याने देशी पंचांगाला दिलेली ही सवलत लक्षणीय आहे.

ती संपली स्वतंत्र भारतात. १९८७ च्या दुरुस्ती कायद्याने १९८९-९० या करआकारणी वर्षापासून सर्वांसाठी ३१ मार्च हाच वर्षअखेर ठरला. निरनिराळ्या धंद्यांसाठी निरनिराळी वर्षे धरून कर पुढे ढकलण्याची पळवाट बुजविणे आवश्यक होते, हे मान्यच करावे लागते. परंतु ती पळवाट प्रामुख्याने मोठ्या करदात्याच्या उपयोगाची होती. एकच दुकान असलेल्याला तिचा फारसा लाभ नव्हता. संक्रमणकाळात दिवाळी वर्ष पाळणाऱ्याला १९८७ च्या पाडव्यापासून ३१ मार्च १९८९ पर्यंतचे, सुमारे सतरा महिन्यांचे, एकच वर्ष धरावे लागले आणि त्यासाठी कायद्यात विशेष तरतुदी कराव्या लागल्या.

मालाची मोजदाद तेव्हापासून मार्चअखेर करावी लागते. गुढीपाडवा व लग्नसराई यांसाठी कापडाचे व भांड्यांचे दुकान त्याच सुमारास भरलेले असते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहीवर आजही ‘श्री’ लिहिला जातो. पुष्कळ ठिकाणी त्या वहीत पुढे काहीच लिहिले जात नाही.