पंचगंगेचे खोरे आणि आपण

शिरोली एमआयडीसीतून कोल्हापूरकडे निघाले की थोड्याच वेळात पंचगंगेचा पूल लागतो. गावाचे नावच मुळी 'शिरोली पुलाची'. मागे फाउंड्र्यांच्या भट्ट्या, पुढे उसाचे हिरवे फड आणि मध्ये संथ वाहणारी नदी. या पुलावरून रोज जाणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकालाही नदीकडे थांबून पाहायला एका विद्यार्थ्याचा प्रश्न कारणीभूत झाला.

७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात तणाव उसळला. त्यानंतर शाळा सुरू झाल्या, तेव्हा नद्यांचा पाठ शिकवताना एकाने विचारले, "सर, इस नदी की तारीख में हम भी हैं क्या?" उर्दूत तारीख म्हणजे इतिहास. मी उत्तर दिले नाही. सुट्टीत दुचाकी काढली आणि नदीच्या काठाने निघालो.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती या पाच नद्यांची मिळून पंचगंगा होते. त्यांचा संगम प्रयाग चिखलीला. तिथून ती कोल्हापूरला वळसा घालून नरसोबाच्या वाडीजवळ कृष्णेला मिळते. कोल्हापुरात तिच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती सापडली आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्तीही. टाउन हॉलच्या संग्रहालयात ती पाहता येते. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडचा देव जिथे पोहोचला, त्या खोऱ्यात 'मूळचे' आणि 'बाहेरचे' अशी रेघ कुठे ओढायची?

संगमाच्या खाली कृष्णाकाठी खिद्रापूर आहे. तिथल्या कोपेश्वर मंदिरात यादव राजा सिंघणाचा संस्कृत लेख आहे, तसेच कन्नड लेखही आहेत. गावात जैन बस्तीही आहे. मराठी, कन्नड, शैव, जैन असे सारे एका काठावर नांदले.

नरसोबाच्या वाडीत दत्तपादुकांच्या मंदिराला नेहमीसारखे शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी इथे परत आली, म्हणून त्याने मंदिर बांधून दिले आणि औरवाड, गौरवाड ही गावे इनाम दिली, असे सांगितले जाते. दृष्टी परत आल्याची गोष्ट आख्यायिका म्हणून बाजूला ठेवू. पण मुसलमान बादशहाची ही आठवण जपली ती दत्तभक्तांनी, आणि इतिहासाच्या दृष्टीने ही बाब लहान नाही. पलीकडच्या कुरुंदवाडात पाच मशिदींत गणपती बसवला जातो. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पंजे आणि गणपती एकाच छताखाली असतात. आपल्यातील काहींना हे धर्माच्या चौकटीत बसणारे वाटत नाही. त्यांचा आक्षेप मी समजू शकतो. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेली जागा म्हणून तरी त्याची नोंद व्हायला हवी.

केवळ सण-उत्सवांवर हा शेजार टिकला असे मात्र नाही. त्याला राजर्षी शाहू महाराजांनी शिक्षणाचा पाया दिला. १९०२ मध्ये त्यांनी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९०६ मध्ये मुस्लिमांच्या शिक्षणासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षपद स्वतः घेतले. दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग ही त्याच कार्याची खूण. कुराणाच्या मराठी भाषांतरालाही त्यांनी आर्थिक साहाय्य दिले. सलोखा म्हणजे गोड भाषण नव्हे, शिकण्याची समान संधी, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणूनच १४ जुलै २०२४ चा दिवस जिव्हारी लागला. विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात जमावाने मशिदीची आणि घरांची नासधूस केली. पंचगंगेला मिळणारी कासारी त्याच डोंगरातून खाली येते. ज्या खोऱ्याच्या एका टोकाला मशिदीत गणपती बसतो, त्याच्याच दुसऱ्या टोकाला मशीद फोडली जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीच सांगून दुसरी झाकणे जसे खोटे, तसेच दुसरीच सांगून पहिली विसरणेही खोटे.

माझ्या वर्गात फाउंड्रीत काम करायला आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशातील कामगारांची मुले आहेत, तशी पिढ्यान्‌पिढ्या इथेच वाढलेल्यांचीही आहेत. सुट्टीनंतर मी त्या मुलाला उत्तर दिले, "होय, आपण आहोत. पण आपली तारीख आपण लिहिली नाही, तर ती दुसरेच लिहितील, आणि त्यात आपण नसू." आता दरवर्षी नद्यांचा पाठ मी वर्गात सुरू करतो आणि पुलावर संपवतो.