चाके, चेंडू आणि डोळा : खेळाडूच्या माउसचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पदार्थविज्ञान शिकवीत. कोणतेही उपकरण हाती घेतले की ते खरोखर काय मोजते आणि काय मोजल्याचा आव आणते, हे आधी पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. त्या आग्रहाला स्मरूनच मी आजचा विषय निवडला आहे : संगणकाचा माउस, आणि त्यातही संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलांच्या हातातला माउस. या व्यासपीठाच्या परंपरेला हा विषय काहीसा पोरकट वाटेल. परंतु हाताची हालचाल यंत्राने कशी ओळखावी, हा प्रश्न पोरकट नाही. गेल्या साठ वर्षांत त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली आणि त्यांतले एक, नवे आणि महाग असूनही, खेळाडूच्या दृष्टीने जुन्यापेक्षा उणे ठरले. नवे ते सरस, ही समजूत तपासून पाहण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे.

आरंभ लाकडाच्या ठोकळ्यापासून होतो. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माउस घडवला. त्याच्या तळाशी एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक आडवी हालचाल मोजे, दुसरे उभी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्टांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले आणि १७ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांना पेटंट मिळाले. पेटंटात ‘माउस’ हे नाव नाही. तिथे हे यंत्र पडद्यावरील स्थान दाखवणारे एक साधन म्हणूनच नोंदले गेले. आपल्याकडे १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’सारखा कोश सिद्ध करणाऱ्या बडोद्यात या यंत्राला एखादा देशी शब्द मिळायला हरकत नव्हती. पण ‘उंदीर’ म्हणायला कोणी धजले नाही आणि ‘मूषक’ म्हटले की गणपतीच आठवतो. म्हणून माउस तो माउसच राहिला.

चाकांची अडचण अशी की तिरप्या हालचालीत ती काही अंशी घासली जात. १९६८ सालीच जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनीने चाकांऐवजी चेंडू बसवलेले साधन बाजारात आणले होते. पुढे १९७२च्या सुमारास बिल इंग्लिश यांनीच झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात चेंडूचा माउस तयार केला. हाच माउस पुढे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला. चेंडू फिरला की त्याला टेकलेल्या दोन दांड्या फिरतात, दांड्यांच्या टोकाला भोके पाडलेल्या चकत्या असतात, आणि त्या भोकांतून जाणाऱ्या प्रकाशाची उघडझाप मोजली जाते. म्हणजे चेंडूच्या माउसमध्येही प्रकाश होताच. पण तो टेबलाकडे पाहत नव्हता, चकतीकडे पाहत होता. टेबलाशी संबंध फक्त रबरी चेंडूच्या स्पर्शाचा, आणि स्पर्श म्हटला की मळ आला. दांड्यांवर धुळीचे काळे कडे बसे आणि पडद्यावरचा बाण अडखळू लागे. एका संगणक कक्षात मी काही काळ शिकवत असे. तिथे दर आठवड्याला नखाने ही कडी खरवडून काढणे हा माझ्या अध्यापनाचाच भाग होऊन बसला होता. तिथले चेंडू अधूनमधून नाहीसेही होत. गोट्या खेळण्याच्या वयाच्या मुलांसमोर चेंडू ठेवल्यावर दुसरे काय होणार?

चेंडू काढून टाकण्याचा पहिला प्रयत्न १९८० सालचा. झेरॉक्समध्ये रिचर्ड लायन आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेत स्टीव्ह कर्श, या दोघांनी स्वतंत्रपणे प्रकाशाचा माउस सिद्ध केला. दोघांनाही विशेष गादी लागे : लायन यांच्या गादीवर ठिपके छापलेले, कर्श यांच्या गादीवर धातूच्या पृष्ठावर रेषांची जाळी. गादी हरवली की माउस आंधळा, आणि ती तिरकी ठेवली की जाळीच्या माउसची दिशा चुके. हे माउस अभियंत्यांच्या महागड्या संगणकांबरोबर वर्षानुवर्षे चालले, पण घराघरात पोचले नाहीत.

खरी क्रांती १९९९ साली झाली. ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत गॅरी गॉर्डन, डेरेक नी, राजीव बड्याल आणि जेसन हार्टलोव्ह यांनी असा माउस योजला, की ज्याला छापील गादी नकोच. लाकूड, कागद, कापड यांवर तिरका प्रकाश टाकला तर त्यांच्या सूक्ष्म खडबडीतपणाच्या सावल्या दिसतात. त्यांची छायाचित्रे घ्यायची, प्रत्येक चित्र आधीच्या चित्रावर सरकवून कुठे जुळते ते पाहायचे, आणि जितके सरकवावे लागले तितकी हालचाल झाली असे समजायचे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘इंटेलिमाउस एक्स्प्लोरर’मध्ये हे तंत्र बाजारात आणले, त्यातला डोळा सेकंदाला १५०० चित्रे घेई. कॅमेराच हा, फक्त जमिनीकडे तोंड केलेला. इथे बडोदेकर श्रोत्याला दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहणार नाहीत. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली उभ्या केलेल्या कलाभवनात ते शिकले, छायाचित्रणाचे प्रयोग त्यांनी याच शहरात केले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्या मूकपटाला सेकंदाला वीसच्या आतबाहेर चित्रे पुरत. माउसला शेकड्यांनी का लागावीत, याचे उत्तर खेळात आहे.

१९९६ सालच्या ‘क्वेक’ने आणि १९९९ साली जन्मलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक’ने माउसचे कामच बदलले. पत्र टंकणाऱ्या कारकुनाला बाण कुठे पोचला एवढेच हवे असते; चुकला तर तो हात पुन्हा हलवतो. खेळाडूचा माउस म्हणजे त्याची मान. मागे वळायचे तर हात झटक्यात फिरवायचा आणि नेमक्या जागी थांबवायचा. समजा, त्याने पाव सेकंदात ४० सेंटिमीटर हात फिरवला. सरासरी वेग झाला सेकंदाला १६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६३ इंच. आरंभीच्या पिढीतला एक प्रचलित डोळा सेकंदाला १२ इंचांपर्यंतच विश्वासाने मोजू शके. कारण उघड आहे. दोन चित्रांमध्ये काही भाग समान असल्याशिवाय ती जुळवताच येत नाहीत, आणि १५०० चित्रांच्या गतीने १२ इंच गेले तरी दोन चित्रांमध्ये ०.२ मिलिमीटर अंतर पडते. सगळे चित्रच जेमतेम एक मिलिमीटरचे! वेग त्याहून वाढला की डोळा गोंधळे आणि खेळाडूला एकाएकी आकाश किंवा जमीन दिसे. म्हणूनच त्या वर्षांत पुष्कळ जाणते खेळाडू चेंडूला चिकटून राहिले. १९९९ साली खास खेळाडूंसाठी निघालेला रेझर कंपनीचा ‘बूमस्लँग’ हा चेंडूचाच माउस होता. त्यांना जुनाट म्हणणे अन्यायाचे होईल. चेंडू निदान आंधळा होत नसे.

यावरचा उपाय सावकाश आला : अधिक चित्रे आणि मोठे चित्र. ‘एडीएनएस-३०८०’ या डोळ्याने सेकंदाला ६४०० चित्रे घेत वेगमर्यादा ४० इंचांवर नेली. आपल्या ६३ इंचांच्या हिशेबाला तीही अपुरीच. पण अंतर कमी होत होते.

मग लेझर आला. २००४ साली लॉजिटेकने ‘एमएक्स १०००’ हा लेझरचा माउस काढला. लेझरचा प्रकाश सुसंगत असल्यामुळे गुळगुळीत टेबलावरही डोळ्याला नक्षी दिसते, आणि कार्यालयासाठी तो उत्तमच होता. जाहिरातींनी मात्र तो खेळाडूंच्याही गळ्यात मारला. अनुभव वेगळा आला. खेळाडू कापडी गादी वापरतात. लेझरचा प्रकाश कापडाच्या विणीत खोलवर जाऊन तिथलेही तपशील टिपतो, असे याचे कारण दिले जाते. परिणाम असा की तेच अंतर हळू कापले तर एक आकडा आणि जलद कापले तर काही टक्के वेगळा आकडा. हाताला पाठ झालेले अंतर मग उपयोगी पडत नाही. फिलिप्सच्या ‘ट्विन-आय’ डोळ्याने तर चित्रांऐवजी परतलेल्या लेझरच्या लहरींतील बदलावरून वेग मोजण्याची फार बुद्धिमान युक्ती केली. पण माउस उचलून ठेवताच बाण एका बाजूला सरके. खेळाडू तर जागा अपुरी पडली की क्षणाक्षणाला माउस उचलतो. प्रयोगशाळेतील कसोटी आणि वापरणाऱ्याचा हात यांची गाठ पडली नाही की असे होते.

डोळ्याने जे पाहिले ते संगणकापर्यंत किती वेळा पोचते, हा निराळा प्रश्न आहे आणि इथे आपल्या शहराचा धागा पुन्हा जुळतो. जुना माउस १२०० बॉडच्या वाहिनीवरून सेकंदाला सुमारे ४० वेळा खबर देई. १९९६ साली यूएसबी ही जोडणी आली. ती घडवणाऱ्या इंटेलमधील गटाचे अजय भट्ट हे महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे, म्हणजे ज्याच्या तंत्रविद्याशाखेत कलाभवन विलीन झाले त्या विद्यापीठाचे, पदवीधर. २०१३ साली त्यांच्या गटाला युरोपीय संशोधक पुरस्कारही मिळाला. यूएसबीच्या मंद प्रतीतून माउस सहसा सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी खबर देई. पूर्ण वेगाच्या प्रतीत हे अंतर एका मिलिसेकंदावर आले, आणि खेळाडूंच्या माउसचे ‘१००० हर्ट्झ’ हे प्रसिद्ध माप तिथून निघाले. आता ८००० हर्ट्झचेही माउस मिळतात. आठ मिलिसेकंदांचे एक होणे हाताला जाणवू शकते. एकाचे अष्टमांश होणे कितीजणांना जाणवेल, याविषयी मी साशंक आहे.

निर्णायक वळण २०१० नंतर आले, आणि ते मागे वळून आले. तैवानच्या पिक्सआर्ट कंपनीने साध्या प्रकाशाचा डोळाच सुधारला. २०१६च्या सुमाराचा तिचा ‘पीएमडब्ल्यू ३३६०’ सेकंदाला १२,००० चित्रे घेतो आणि २५० इंच, म्हणजे सहा मीटरांहून अधिक वेग सांभाळतो. माणसाचा मनगटी झटका त्याला आता चकवू शकत नाही. लेझर खेळाच्या माउसमधून जवळजवळ हद्दपार झाला. आणखी एक खोड गेली. काही जुने डोळे हाताची जराशी वाकडी रेघ आपणहून सरळ करीत. चित्र काढणाऱ्याला ते उपकारक वाटे, पण नेम धरणाऱ्याच्या दृष्टीने ती ढवळाढवळच.

एका आकड्याविषयी बोलल्याशिवाय थांबता येत नाही. पेटीवर मोठ्या अक्षरांत ‘डीपीआय’ छापलेला असतो : पूर्वी ४००, मग १६००, १२,०००, आता २६,००० आणि त्याहूनही अधिक. एक इंच सरकल्यावर माउस किती एकके मोजतो, एवढाच त्याचा अर्थ. पट्टीवर बारीक रेघा वाढवल्याने पट्टी अधिक खरी होत नाही. पुष्कळ निष्णात खेळाडू ४०० ते १६०० यांच्या दरम्यानच खेळतात. दुकानात मात्र आईवडील मोठा आकडा पाहून पैसे मोजतात. २०२२च्या डिसेंबरात भारत सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील खेळ म्हणून मान्यता दिली, २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांना पदके होती. तेव्हा हा खर्च वाढतच जाणार.

पैसे देण्याआधी करता येईल अशी एक कसोटी सांगतो. संगणकातील बाणाचा वेग आपोआप वाढवणारी सोय बंद करावी. कापडी गादीवर फूटपट्टी चिकटवून माउसची कड शून्यावर टेकवावी आणि बाण पडद्यावरील एखाद्या खुणेवर ठेवावा. आता पट्टीच्या कडेने माउस अगदी सावकाश दहा सेंटिमीटर न्यावा आणि एका झटक्यात पुन्हा शून्यावर आणावा. मात्र बाण पडद्याच्या कडेला थडकू देऊ नये. बाण खुणेवर परतला, तर डोळा खरा. अलीकडे किंवा पलीकडे थांबला, तर तफावत पट्टीनेच मोजून वहीत लिहावी, आणि दहा वेळा करून सरासरी काढावी.