चोकची गोष्ट

थंडीच्या दिवसांत सकाळी स्कूटर सुरू करणं हा एक विधीच असे. आधी चोक ओढायचा, मग स्कूटर एका बाजूला कलती करायची आणि मग किकवर किक. चोक कशाला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "इंजिन थंड आहे ना, पेट्रोल जास्त लागतं." उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त का लागावं?

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. पण पेट्रोल हा काही पाण्यासारखा एकच पदार्थ नव्हे. चारपासून सुमारे बारा कार्बन अणू असलेल्या अनेक हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण. त्यातले हलके घटक घरातल्या तापमानालाच उडून जातात, तर जड घटकांना उकळायला 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापावं लागतं. इंजिन थंड असताना हलक्या घटकांचीच काय ती वाफ होते. बाकीचं पेट्रोल थेंबांच्या रूपात नळीच्या आणि सिलिंडरच्या भिंतींना चिकटून राहतं. समजा, पाचवा हिस्साच वाफ झाला. मग पुरेशी वाफ मिळवायची तर पाचपट पेट्रोल आत सोडायला हवं. चोक नेमकं हेच करतो.

आणि उरलेल्या चार हिश्श्यांचं काय? मोटारगाडीच्या इतिहासाची पहिली सत्तर-ऐंशी वर्षं हा प्रश्न फारसा कोणी विचारलाच नाही. गाडी सुरू झाली ना, मग झालं!

कार्ल बेंझच्या 1886 सालच्या गाडीत चोक नव्हता. तिथे हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून जाई आणि जाताजाता वाफ घेऊन जाई. इंधन होतं लिग्रोइन, औषधांच्या दुकानात मिळणारं. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्टसहाइमला गाडीने निघाल्या, तेव्हा वाटेत वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी ते विकत घेतलं होतं. या पद्धतीत एक खोट होती. हलके घटक आधी उडून जात आणि टाकीत जड गाळीव तेवढं उरे.

1893 मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी इंधनाचा फवारा उडवणारा कार्बुरेटर तयार केला. नळी एका जागी अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप ओढलं जातं. आता हलके आणि जड घटक एकत्रच इंजिनात जाऊ लागले. गरम इंजिनाला हे फारच सोयीचं, थंड इंजिनाला मात्र नाही. त्यावर उपाय म्हणून हवेच्या वाटेवर एक झडप बसवली गेली. ती मिटली की हवा कमी येते, आतली ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. हाच चोक. इंग्लंडमध्ये त्याला पूर्वी 'स्ट्रँग्लर' म्हणत, म्हणजे गळा आवळणारा. नाव अगदी चपखल!

पुढे पेट्रोलच बदललं. अमेरिकेत 1910 नंतर गाड्या इतक्या वाढल्या की मागणी पुरी करायला पेट्रोलमध्ये अधिक जड घटक येऊ लागले. हिवाळ्यात गाडी सुरू करणं आणखी अवघड झालं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं वंगण धुऊन खाली तेलात उतरे आणि तेल पातळ होई. इंजिनं लवकर झिजू लागली तेव्हा कुठे उरलेल्या पेट्रोलचा पहिला हिशेब मांडला गेला, पण तो इंजिनापुरताच.

चोक परत आत ढकलायला माणूस विसरतो. म्हणून 1930 च्या दशकात स्वयंचलित चोक आला. त्यात होती द्विधातूची गुंडाळी, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर धरली की वाकणारी तीच पट्टी. इंजिन तापलं की गुंडाळी सैल होई आणि झडप उघडे. द्विधातूच्या पट्टीचा उपयोग विचारल्यावर दरवर्षी फक्त 'इस्त्री' लिहिणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर सांगावं.

दुसरा हिशेब मांडला गेला लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचं कोडं आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने 1950 च्या सुमारास उलगडलं. न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन तयार होतो. उरलेले चार हिस्से कुठे जातात, याचं उत्तर आता हवेतच दिसत होतं.

1967 मध्ये बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारा यंत्रणा फोक्सवॅगनच्या गाडीत आली. इंजिन किती थंड आहे हे आता थर्मिस्टर सांगू लागला. दिव्याच्या तारेचा रोध तापल्यावर वाढतो, याचा कमी होतो. 1976 मध्ये व्होल्वोने निष्कास नळीत ऑक्सिजन मोजणारा संवेदक बसवला. जळल्यावर ऑक्सिजन किती उरला ते पाहून पेट्रोलचं प्रमाण क्षणोक्षणी सुधारता येऊ लागलं. सोबत होता विषारी वायूंचं रूपांतर करणारा उत्प्रेरक.

पण खरी मेख इथेच आहे. हा संवेदक सुमारे 300 अंशांना तापल्याशिवाय बोलत नाही आणि उत्प्रेरकही साधारण तितकाच तापावा लागतो. म्हणजे पेट्रोल सर्वांत जास्त सोडलं जातं, नेमके तेव्हाच दोघेही झोपलेले! आधुनिक गाडीच्या चाचणीत मोजल्या जाणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी बहुतेक पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडतात.

युरोपमधल्या चाचणीत 2000 सालापर्यंत इंजिन सुरू केल्यावर पहिली 40 सेकंदं धूर गोळाच करत नसत. परीक्षेतला सगळ्यांत अवघड प्रश्न तपासायचाच नाही, अशातला हा प्रकार. युरो 3 नियमांनी ही सवलत काढली. 2002 पासून उणे 7 अंशांवरची चाचणीही आली. ती सेकंदं हिशेबात धरली जाणार म्हटल्यावर ती सुधारण्याची धडपड वाढली. उत्प्रेरक इंजिनाच्या अगदी जवळ आला. ठिणगी मुद्दाम उशिरा पाडून जास्तीची उष्णता निष्कास वायूंबरोबर त्याच्याकडे पाठवली जाऊ लागली. संवेदकाला आतून तापवणारी तार 1980 च्या दशकातच मिळाली होती.

यातलं काही थंड देशांपुरतंच आहे, असं समजू नये. मूळ चाचणीतलं 'थंड' इंजिन 20 ते 30 अंशांवर असे, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही सकाळसारखं. मुंबईसह चार महानगरांत एप्रिल 1995 पासून नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आलं, कारण शिशाने उत्प्रेरक निकामी होतो. 2020 च्या भारत स्टेज 6 नियमांनंतर बहुतेक नव्या दुचाकींवरूनही चोकचा खटका गेला.

अगदी साधा उपाय मात्र टोयोटाच्या प्रियस गाडीत सापडतो. 2004 सालापासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रियसमध्ये सुमारे तीन लिटरचा एक थर्मास होता. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यातून फिरणारं पाणी तापलं की गाडी बंद करताना या थर्मासमध्ये भरून ठेवलं जाई आणि ते तीन दिवसांपर्यंत गरम राही. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू व्हायच्या आधी एक छोटा पंप कालचं ते गरम पाणी इंजिनातून फिरवी.